ठोकलेली गाडी : दुरुस्त करायची की निरोप द्यायचा?

गटाच्या बैठकीला बसलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेतातून येऊन आत्ताच पाय धुतलेल्या, सगळ्या तायांना आणि मावश्यांना नमस्कार.

आजचा विषय आहे गाडीचा. आपली मोटरसायकल, स्कुटी, कुणाची मालवाहू रिक्षा, कुणाची जुनी जीप. अपघातात ती ठोकली गेली, तर तिला दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं, हे कसं ठरवायचं?

कुणी म्हणेल, हा पुरुषांचा विषय. मी म्हणते, मुळीच नाही. आपल्या खान्देशात गाडी म्हणजे घरातलं एक माणूसच. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा सुरत-नागपूर महामार्ग जातो आणि धुळ्यातूनच मुंबई-आग्रा महामार्ग जातो. या दोन मोठ्या रस्त्यांना आपल्या गावांचे लहान रस्ते येऊन मिळतात. दूध डेअरीला न्यायचं, केळीच्या बागेत पाणी बघायला जायचं, पोरीला कॉलेजच्या एस.टी.वर सोडायचं, रात्री-बेरात्री बाळंतिणीला गाठायचं, हे सगळं गाडीवर चालतं. दसऱ्याला आपण तिला धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. आखाजीला लेक माहेरी येते ती तिच्यावरच बसून. मग ती मोडून अंगणात उभी राहिली की घरात सुतक आल्यासारखं होतं. आणि तिच्या दुरुस्तीला पैसा लागला की तो बहुतेक वेळा आपल्या गटाच्या कर्जातूनच येतो. फेडायचं आपल्याला, तर ठरवायचंही आपणच.

मी आज चार प्रश्न सांगणार आहे. पहिला, गाडीचा कणा सरळ आहे का? दुसरा, कागद कुणाच्या नावावर आहेत? तिसरा, पैशाचा हिशोब काय? आणि चौथा, मन काय म्हणतं? आपलं मन हा चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतं. त्यात वावगं काही नाही. पण उत्तर द्यायचं ते ओळीने, पहिल्यापासून.

त्याआधी अपघात झाल्याबरोबर काय करायचं ते दोन शब्दांत. आधी माणूस. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ते झालं की मोबाईलवर फोटो काढा. गाडीचे चारही बाजूंनी, रस्त्याचा, समोरच्या गाडीच्या नंबरचा. कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर पोलिसांत नोंद झालीच पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, ठोकलेली गाडी लगेच किक मारून घरी आणायची नाही. "चालू होतेय ना, मग चला," असं आपली माणसं म्हणतात. इंजिन चालू होणं वेगळं आणि गाडी रस्त्यावर नीट चालणं वेगळं. टेम्पोत घालून आणा.

आता पहिला प्रश्न, कण्याचा.

मोटरसायकलचा लोखंडी सांगाडा असतो, त्याला मिस्त्री लोक चेसिस म्हणतात. इंजिन, टाकी, सीट, चाकं सगळं त्याच्यावर बसवलेलं असतं. आपल्या पाठीचा कणा जसा, तशी ती चेसिस. टाकीला पोचा पडला, हेडलाईट फुटला, इंडिकेटर तुटला, लेगगार्ड वाकला, ही खरचटल्याची जखम. भरून येते. पुढचे शॉकअप वाकले, चाकाची रिंग वाकली, हँडल वाकलं, ही हाताचं हाड मोडल्यासारखी जखम. तो भाग बदलता येतो. पण चेसिस वाकली किंवा तडकली, तर ती कण्याची जखम.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे हँडलच्या खाली, जिथे पुढचे शॉकअप चेसिसला जोडलेले असतात ती मान. समोरून धडक बसली की सगळा जोर तिथेच जातो. तिथला रंग बारीक बारीक फुटलाय का, पत्र्याला सुरकुती पडलीय का, जोडाच्या कडेला केसासारखी रेघ दिसतेय का, ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. टाकी काढल्याशिवाय हे नीट दिसत नाही, म्हणून टाकी काढायला सांगायची.

दुसरी परीक्षा दोरीची. गाडी सपाट जागी सरळ उभी करायची, हँडल सरळ धरायचं. मागच्या चाकाला लावून एक लांब दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणायची, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या बाजूने. दोन्हीकडे पुढच्या चाकापासून दोरीचं अंतर सारखं यायला हवं. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आलं, तर चाकं एका रेषेत नाहीत. मग चाकच तिरकं बसलंय, शॉकअप वाकलेत की चेसिस वाकडी झालीय, ते मिस्त्रीने शोधायचं. पण "काही नाही झालेलं ताई" हे त्याचं म्हणणं आता चालणार नाही, कारण दोरी तुम्ही बघितलेली असते.

स्कुटीची गोष्ट थोडी वेगळी. तिचा सांगाडा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेला असतो. वरचं प्लॅस्टिक फुटलं की गाडीचा पार चुराडा झाला असं वाटतं. उलट कधी प्लॅस्टिकला ओरखडाही नसतो आणि आतला पाइप वाकलेला असतो. म्हणून स्कुटीचं पुढचं आवरण काढल्याशिवाय कुणी खर्च सांगत असेल, तर तो अंदाज मानायचा नाही.

यावर मी आमच्याच डोळ्यांदेखत घडलेल्या दोन गोष्टी सांगते.

आमच्या गटातल्या एक ताई आशा म्हणून काम करतात. बाजाराच्या दिवशी त्यांच्या स्कुटीला मागून-बाजूने पिकअपचा धक्का बसला. ताई बाजूला पडल्या, मुका मार लागला. स्कुटी बघून मात्र त्या रडायलाच लागल्या. पुढचं सगळं प्लॅस्टिक फुटलेलं, आरसे गेलेले, सीट फाटलेली. स्वतःच्या मानधनातून हप्ते भरून घेतलेली पहिली गाडी. पण आवरण काढून बघितलं तर सांगाडा सरळ. दोरी लावली, दोन्हीकडे अंतर सारखं. ती स्कुटी दुरुस्त झाली आणि आजही वाड्या-वस्त्यांवर फिरते.

दुसरी गाडी माझ्या थोरल्या नणंदेकडची. आमचे नंदोई त्या मोटरसायकलवर रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून डेअरीला जायचे. गाडी त्यांनी २०१२ साली घेतली होती. २०२१ च्या कोरोनात ते गेले. त्यानंतर भाचा त्याच गाडीवर दूध नेऊ लागला. कापसाच्या हंगामात एका रात्री रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. भाचा तिच्यावर जाऊन आदळला. मनगट मोडलं, पण जीव वाचला. गाडी बघितली तर हेडलाईट फुटलेला आणि शॉकअप थोडे वाकलेले. बाकी धडधाकट. सगळे म्हणाले, चार दिवसांत उभी राहील. टाकी काढली तेव्हा मानेजवळ तडा दिसला.

बघा, जी भयानक दिसत होती ती बरी निघाली आणि जी बरी दिसत होती ती आतून गेलेली होती. म्हणून म्हणते, डोळ्यांना काय दिसतं त्यावर ठरवू नका. उघडून बघा.

गॅरेजवाला म्हणाला, तड्यावर वेल्डिंग मारून देतो, वर रंग मारला की कुणाला कळणारसुद्धा नाही. स्वस्तातलं काम. अक्का तोपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरास्ले कयाव नही, पन मना पोऱ्या तिनावरच बसी ना?" दुसऱ्यांना कळणार नाही, पण माझा मुलगा तिच्यावरच बसणार ना!

त्यांचं म्हणणं खरं होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचं लोखंड आपला मूळचा गुण गमावतं. रोजचे खड्डे, रोजचं ओझं, आणि एक दिवस जोडाच्या कडेलाच पुन्हा तडा जातो. चालत्या गाडीची मान तुटली तर चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे माझं सरळ मत आहे. मान तडकली असेल तर ती गाडी वेल्डिंग करून रस्त्यावर आणायची नाही. काही गाड्यांची चेसिस कंपनीकडून नवी बदलून मिळते. पण तिचा नंबर बदलतो, आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी लागते आणि खर्चही मोठा असतो. जुन्या गाडीला तो क्वचितच परवडतो.

आता दुसरा प्रश्न, कागदांचा. इथे बायांचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं.

विमा दोन तऱ्हेचा असतो. एक थर्ड पार्टी. तो मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई तो देतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. दुसरा असतो आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. दोन्ही एकत्र असले की त्याला फुल इन्शुरन्स म्हणायची पद्धत आहे. आपली माणसं दरवर्षी स्वस्तातला थर्ड पार्टी काढतात आणि घरी सांगतात, विमा आहे. आज घरी गेल्यावर तो कागद काढा आणि कोणता आहे ते बघा.

फुल विमा असेल तर कंपनीला लगेच कळवायचं आणि कंपनीने पाहणी करेपर्यंत गाडी उघडू द्यायची नाही. गॅरेजवाल्याने आधीच सामान काढून टाकलं तर नुकसान किती होतं हे सिद्ध करणं अवघड जातं. आणि चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं चालू लायसन हवं. ते नसेल तर आपल्या गाडीची भरपाई कंपनी नाकारू शकते. पोराचं वय कमी असेल तर प्रकरण आणखी गंभीर. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

आता मुख्य मुद्दा. गाडी कुणाच्या नावावर आहे? अक्कांच्या गाडीचं आरसी बुक अजून नंदोईंच्या नावावर होतं. विमाही दरवर्षी त्यांच्याच नावाने भरला जात होता. माणूस जाऊन वर्षं झाली तरी कागदावर मालक तोच. आपल्या गावात अशा किती गाड्या असतील, मनात मोजून बघा.

नियम असा आहे. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. तीन महिन्यांपर्यंत गाडी तशी वापरता येते. पण त्या तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, बाकीच्या वारसांची संमती अशी कागदपत्रं लागतात. विम्याचंही तसंच. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालते. तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. नाहीतर हप्ता भरूनही ऐनवेळी भांडत बसावं लागतं. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, तेही फक्त ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी. वडिलांच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या मुलाला ते लागू होत नाही.

२०२१ पासून एक चांगली सोय झाली आहे. आरसीवर मालकाला वारसदार, म्हणजे नॉमिनी, नोंदवता येतो. बँकेच्या पासबुकावर नोंदवतो तसाच. घरधनी हयात असतानाच हे करून घ्या. हे बोलायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण बँकेत, विम्यात आपण नॉमिनी लावतोच ना? मग गाडीला का नको?

तिसरा प्रश्न, पैशाचा. इथे कागद-पेन घ्या.

विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. कंपनीच्या दृष्टीने आज गाडीची जी किंमत, तो हा आकडा. गाडी जुनी होते तसा तो उतरतो. समजा, तुमची स्कुटी ७५ हजारांची आणि तिला तीन वर्षं पूर्ण झालीत. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट धरतात. म्हणजे आयडीव्ही झाली ४५ हजार.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. ४५ हजारांचे ७५ टक्के म्हणजे ३३ हजार ७५०. त्याच्यावर खर्च गेला तर दुरुस्ती नाही, गाडीची किंमतच मिळते. गाडीवर फायनान्सचं कर्ज बाकी असेल तर त्यातून आधी त्यांचे पैसे वळते होतात आणि उरलेले आपल्या हातात येतात.

खर्च त्याहून कमी असेल तर दुरुस्ती. पण कंपनी पूर्ण बिल देत नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. लोखंडी सामानाची घट गाडीच्या वयावर असते, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. समजा, प्लॅस्टिकचं सामान ६ हजार, लोखंडी ४ हजार आणि मजुरी २ हजार. एकूण १२ हजार. कंपनी देणार प्लॅस्टिकचे ३ हजार, लोखंडाचे ३ हजार आणि मजुरीचे २ हजार, म्हणजे ८ हजार. त्यातूनही ठरलेली थोडी रक्कम वजा होते. आपल्या खिशातून गेले ४ हजारांच्या वर. झिरो डेप नावाची जोड घेतलेली असेल तर ही घट लागत नाही, पण तिचा हप्ता थोडा जास्त असतो. आणि नुकसान अगदी हजार-बाराशेचं असेल तर दावा करायच्या आधी विचार करा. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. दावा केला की ती जाते.

कंपनीने दावा नाकारला आणि तुम्हाला तो अन्याय वाटला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. जळगावला आणि धुळ्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

आता विमाच नसेल, किंवा फक्त थर्ड पार्टी असेल, तर सगळा खर्च आपला. तेव्हा हा हिशोब करा. एक, दोन वेगवेगळ्या गॅरेजकडून लेखी अंदाज घ्या. दोन, ही गाडी ठोकली नसती तर बाजारात आज केवढ्याला गेली असती, ते विचारा. माझा आपला साधा ठोकताळा आहे. दुरुस्ती त्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर थांबायचं आणि पुन्हा विचार करायचा. तीन, गाडीचं वय बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर पुढे तपासणी, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर हा खर्च उभाच आहे. चार, कर्ज. गटातून १२ हजार घेतले आणि व्याज महिना २ टक्के असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याजच २४० रुपये. ही गाडी तेवढं कमवून देणार आहे का? दूध, भाजी, आशाताईंचं काम, यातून देत असेल तर कर्ज घ्यायला हरकत नाही. फक्त "लोक काय म्हणतील" म्हणून घेत असाल तर घेऊ नका.

आणि आता चौथा प्रश्न, मनाचा.

अक्कांचा हिशोब आठ दिवसांपूर्वीच झाला होता. मान तडकलेली, विम्यातून काही येणार नाही, गाडी जुनी. तरी त्यांचं पाऊल उचलेना. "त्यास्नी गाडी शे ती," एवढंच त्या म्हणायच्या. ती त्यांची गाडी आहे. नंदोईंच्या हाताची जागा हँडलच्या रबरावर झिजलेली होती. अशा वेळी बाईला "अहो, लोखंडच आहे ते" असं सांगू नये. लोखंड असतं तर प्रश्नच नव्हता.

मग आम्ही गाडीपाशीच बसून बोललो. मी त्यांना एवढंच विचारलं, अक्का, दाजींनी ही गाडी कशासाठी घेतली होती? त्या म्हणाल्या, दुधासाठी, घर चालावं म्हणून. मग घर चालवणाऱ्या पोराचा जीव तिच्यावर टांगायचा का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ठरवलं. गाडी दुरुस्त करायची नाही.

पण सगळंच गेलं नाही. दुधाचे कॅन अडकवायला नंदोईंनी गावच्या लोहाराकडून लोखंडी अडकणी करून घेतली होती. ती काढून घेतली. गटातून महिना एक टक्क्याने कर्ज काढून एक जुनी पण सरळ कण्याची मोटरसायकल घेतली. टाकी काढून, दोरी लावून, मगच. तिच्यावर ती अडकणी बसवली. आरसीवर नाव अक्कांचं आणि विमाही फुल.

म्हणून माझं म्हणणं असं की मनाचा मान ठेवायचा, पण आठवण जपायला अख्खी गाडी रस्त्यावर पळवायची गरज नाही. एखादा भाग ठेवता येतो, फोटो ठेवता येतो. आणि कणा सरळ असेल, हिशोब थोडा तोट्याचा असेल, पण गाडी जिवाभावाची असेल, तर खुशाल दुरुस्त करा. हजार-दोन हजार जास्त गेले तर ते मायेचे गेले. मायेसाठी पैसा खर्च करावा, जीव नाही.

निरोप द्यायचा ठरलं तर तोही रीतीने द्यायचा. भंगारवाल्याला अशीच उचलून देऊ नका. आपण पैसे मोजून घेतो आणि विसरून जातो, पण आरटीओच्या नोंदीत मालक आपणच राहतो. उद्या कुणी तीच गाडी ठीकठाक करून पळवली आणि कुणाला उडवलं, तर नोटीस आपल्या दारात येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच सांगितलं. गाडी पुढे कितीही हातांत विकली गेली असो, नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. सरकारमान्य मोडीत काढणाऱ्या केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं. नवी गाडी घेताना त्याच्यावर करात सवलत मिळू शकते. कुणी विकत घेत असेल, तर नाव बदलल्याशिवाय गाडी दारातून हलवू द्यायची नाही.

दुरुस्त करायचं ठरलं तर गॅरेजवाल्याशी चार गोष्टी आधीच बोलून घ्या. कोणतं सामान बदलणार आणि कोणतं ठोकून सरळ करणार, ते लिहून द्या. शॉकअपचा पाइप वाकला असेल तर तो बदला, ठोकून सरळ केलेला नको. जुनं सामान परत द्या, म्हणजे खरंच बदललं की नाही ते कळतं. आणि पक्कं बिल द्या. गाडी हातात आली की मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा. एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर वाकडी होते का, हँडल थरथरतं का? यातलं काहीही जाणवलं तर पैसे पूर्ण चुकते करू नका, गाडी परत उभी करा. आणि अपघातात डोक्यावर असलेलं हेल्मेट बदलाच. वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा मार सोसत नाही. आयएसआयचा शिक्का बघून नवं घ्या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने घरच्या गाडीची आरसी आणि विम्याचा कागद घेऊन या. वहीत चार रकाने आखा. गाडी कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, विमा कोणता आणि तो कधी संपतो. जिच्या घरची गाडी अजून वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, तिच्याबरोबर गटातल्या दोघींनी आरटीओत जायचं. एकटीला पाठवायचं नाही. आणि ट्रॅक्टरची ट्रॉली ज्यांच्या घरी आहे, त्यांनी मागे लाल चमकणारी पट्टी आजच लावायची. पट्टी थोड्या पैशांत येते, आणि अंधारात त्या रस्त्याने येणारा पोरगा कुणाचा असेल ते आपल्याला माहीत नसतं.

गाडी जपून चालवा, कागद जपून ठेवा. नमस्कार.